वहिनींचे डबे गावाला गेलेत

बातमी आली तेव्हा माझ्या हातात वहिनींचाच डबा होता. सिंगापूरला, बिशानच्या आमच्या फ्लॅटमध्ये सिंकपाशी उभा राहून मी तो घासत होतो. किती घासला म्हणाल, तर आमची ही शेवटी म्हणाली, आता बास करा, स्टीलमधून पलीकडचं दिसायला लागेल. तेवढ्यात सुधीरचा फोन आला. "नंदू, उषा गेली रे. पहाटे... झोपेतच." मी काहीतरी बोललो असेन. तो म्हणाला, "नळ बंद कर, ऐकू येत नाही." मी नळ बंद केला. उपड्या डब्यातून पाणी ठिबकत होतं, तेवढंच.

याला आता काही आठवडे झाले. पुरवणीच्या संपादकबाईंनी उषाताईंवर लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा मी त्यांना आधीच सावध केलं, की बाई, सिंगापूरच्या मराठी मंडळींत माझ्या तोंडचा आकडा कोणी तसाच्या तसा घेत नाही. हा नियमही वहिनींनीच घालून दिलेला. एकदा त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसून मी सांगत होतो, की एका कॉन्डो सोसायटीच्या तळ्यात पाणमांजरं शिरली, चांगली चाळीस होती, सगळे कोई मासे फस्त केले आणि जाताना लिफ्टने गेली. वहिनी पोळी लाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भावोजी, दहानं भागा." भागल्यावर चार उरली. चारच होती. लिफ्टचं मात्र खरं आहे, आणि ते मी मरेपर्यंत सांगणार. तेव्हापासून आमच्या गोतावळ्यात तो वाक्प्रचारच झाला. मी तोंड उघडलं की कोणीतरी म्हणायचं, दहानं भागा. तर तुम्हीही हा लेख त्याच हिशोबाने वाचा. जिथे भागायचं नाही तिथे मी सांगेन.

उषावहिनी म्हणजे माझा कॉलेजपासूनचा मित्र सुधीर याची बायको. सुधीर इथे बुओना व्हिस्टाला संशोधनाच्या नोकरीत. कशाचं संशोधन, ते त्याने मला अनेकदा समजावलं आणि प्रत्येक वेळी मला गाढ झोप लागली. वहिनी साताऱ्याकडच्या, कोरेगावच्या. तिथल्या मुलींच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या. सुधीरपाठोपाठ इथे आल्या तेव्हा त्यांना आणायला मी विमानतळावर गेलो होतो. सामानात कपडे कमी आणि स्टीलचे डबे जास्त. बॅगा पट्ट्यावरून आल्या त्या आरतीला झांजा वाजाव्यात तशा वाजत आल्या, आणि कस्टमवाला उठून उभा राहिला. प्रत्येक डब्यावर काहीतरी कोरलेलं. 'सौ. उषा हिस आत्याकडून.' 'मंगळागौर.' 'चि. तन्वीचं बारसं.' तन्वी म्हणजे त्यांची मुलगी, तेव्हा कडेवर होती, आता युनिव्हर्सिटीत आहे. वहिनींना लोकांचे वाढदिवस आठवायचे नाहीत, पण कुठला डबा कोणी कधी दिला, ते झाकण न बघता सांगायच्या.

इथे त्यांना शाळेत नोकरी मिळाली नाही. कोरेगावचं प्रशस्तिपत्रक इथे कोण वाचणार? काही वर्षं त्या नुसत्या घर चालवत होत्या, आणि ज्या बाईने साठ-साठ पोरींचे वर्ग एका भुवईवर गप्प केले तिला तेवढ्याने काय होणार... मग एका गुरुवारी दाराची बेल वाजली. मी तिथेच होतो. आमच्या कंपनीने गुरुवारी घरून काम करा असं सांगितलेलं. घर कोणाचं, ते लिहिलेलं नव्हतं. शिवाय बिशानहून मेट्रोच्या सर्कल लाइनने थेट बुओना व्हिस्टा, आणि वहिनींकडे दहाच्या सुमारास पोहे.

दारात मारिसोल उभी. कोलंबियाची. खालच्या मजल्यावर राहायची. तिचा नवरा फाडफाड इंग्रजी बोलायचा आणि हिच्या वाटचंही तोच बोलायचा. दुकानात तो, डॉक्टरकडे तो, लिफ्टमध्ये शेजाऱ्यांशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या तर तेही तोच. त्या दिवशी तो कामावर गेल्यावर हिने सगळा धीर गोळा केला होता, आणि चेहऱ्यावरून दिसत होतं की वाक्य जिन्यात पाठ करून आली आहे. म्हणाली, "कॅन यू बॉरो मी अ बिग पॉट?"

मी हसणार होतो. वहिनींनी ती भुवई उचलली. मग मला मराठीत म्हणाल्या, "माझ्या कोरेगावच्या पोरी हेच म्हणायच्या. बॉरो मी युवर पेन, मॅडम. आपल्याकडे उसनं देणंही उसनं आणि घेणंही उसनंच, पोरीनं करायचं काय?" त्यांनी मोठं पातेलं काढलं. ते मारिसोलच्या हातात दिलं, "आय लेंड, यू बॉरो." परत घेतलं. मला दिलं. मग मारिसोलला माझ्याकडून घ्यायला लावलं. ते पातेलं आम्हा तिघांत असं काही फिरलं, की शेवटी कोणी कोणाला दिलंय ते फक्त पातेल्यालाच ठाऊक. मारिसोल मात्र हसत खाली गेली.

दुपारी ती पातेलं परत घेऊन आली. मी अर्थात अजून तिथेच, कामात बुडालेला. पातेलं लख्ख घासलेलं, रिकामं. वहिनींनी आत डोकावून पाहिलं आणि नको म्हणून मान हलवली. मारिसोलचा चेहरा उतरला. ती खाली गेली आणि आणखी घासून आणलं. वहिनींनी पुन्हा मान हलवली. पुढच्या खेपेला पातेलं इतकं चकचकीत होतं की मी त्यात बघून भांग पाडला. तेव्हा कुठे वहिनींच्या लक्षात आलं की या बाईला वाटतंय, भांडं स्वच्छ नाही. तिला हाताला धरून आत बसवलं आणि सांगितलं, की आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. चिमूटभर साखर घाल, पण रिकामं नको.  मग ती गेली, आणि संध्याकाळी पातेल्याच्या तळाशी वाडगाभर तांदळाची खीर घेऊन आली, वर दालचिनी भुरभुरलेली. वहिनींनी चमचाभर चाखली, म्हणाल्या, "वेलदोडा विसरली बिचारी." मारिसोलने तिकडे आईला फोनवर काय सांगितलं असेल? शेजारीण चांगली आहे, पण भांड्याचं भाडं घेते.

असा तो वर्ग सुरू झाला. महिन्याभरात स्पॅनिश बोलणारी अर्धी दुनिया वहिनींच्या टेबलाभोवती जमली. म्हणजे पाच जण. वहिनींना स्पॅनिशचं अक्षर येत नव्हतं, पण त्यांना कळून चुकलं की ही मंडळी नेमकी कोरेगावच्या मुलींसारखीच अडखळतात. आपण चहा करतो, अभ्यास करतो आणि गोंगाटही करतो. त्यांच्याकडेही या सगळ्याला एकच शब्द. मग 'डू' कुठे आणि 'मेक' कुठे? वहिनी नियम सांगायच्या नाहीत. करायला लावायच्या. पीठ मळता मळता 'मेक', भांडी घासताना 'डू', आणि ज्याचं चुकेल त्याने त्या दिवशी भांडी डू करायची. पाच जणांत घासायला भांडी कमी पडू लागली, तेव्हा सुधीर म्हणाला की माझे स्वच्छ कपसुद्धा हे लोक पुन्हा धुतात.

'ब्रिंग' आणि 'टेक' यांच्यासाठी दारातलं पायपुसणं हा त्यांचा फळा होता. त्या आत उभ्या राहायच्या. हात बाहेरून छातीशी आणला की ब्रिंग, छातीपासून बाहेर ढकलला की टेक. आणि गृहपाठ म्हणजे डबा. प्रत्येकाने दर गुरुवारी एक डबा न्यायचा, त्यात चिवडा, चकल्या, लाडू, जे असेल ते. पुढच्या गुरुवारी तो भरून आणायचा, आणि त्या डब्याचं मधल्या आठवड्यात काय काय झालं ते इंग्रजीत सांगायचं. पायपुसण्यावर उभं राहून. सांगून झाल्याशिवाय आत प्रवेश नाही.

रामोन म्हणून एक चिलीचा स्वयंपाकी यायचा, थेट पासिर रिसहून, बेटाच्या त्या टोकावरून या टोकाला. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, खायला बंदी आहे, वासाला नाही, याचा त्याने पुरेपूर फायदा घेतला. डब्यात त्याच्या करंज्या असायच्या, मांसाच्या. तो त्यांना एम्पनाडा म्हणायचा, पण मुरड बघितली की ओळख पटायची. त्याच्याशी माझी स्पर्धा होती, कारण तोही थापाड्या. एकदा पायपुसण्यावर उभा राहून सांगू लागला, की घरमालक चिवडा मागत होता, "आय सेड हिम नो, आय सेड हिम इट इज माय टीचर्स, आय सेड हिम..." वहिनी प्रत्येक वेळी शांतपणे म्हणायच्या, "टोल्ड." शेवटी त्यांनी मला उभं केलं. म्हणजे माझा नमुना केला. "लुक ॲट भावोजी. ही टेल्स स्टोरीज. ही टेल्स लाइज. ही नेव्हर सेज सॉरी." पाचही जणांनी ते एका सुरात म्हटलं. कोलंबियापासून माद्रिदपर्यंत माझी बदनामी अशी व्याकरणशुद्ध झाली. रामोन आजही मला 'बाओजी' अशीच हाक मारतो. ते माझं नाव आहे अशी त्याची समजूत आहे.

वर्षं सरत गेली. मारिसोल नवऱ्याच्या वाटचं बोलू लागली आणि तो बिचारा लिफ्टमध्ये गप्प उभा राहू लागला. डबे मात्र कधी घरात सापडायचे नाहीत. सुधीर ओरडायचा, "अगं, चकल्यांचा डबा कुठाय?"

"गावाला गेलाय."

"आणि तो आत्याचा?"

"तोही गेलाय. येईल."

एकदा मी म्हटलं, वहिनी, आणखी डबे घेऊन टाका लिटल इंडियातून, हे काय, स्वतःच्या घरात डाळ प्लास्टिकच्या पिशवीत. त्या म्हणाल्या, "घरात सगळे डबे जागेवर दिसले ना भावोजी, की मला मे महिन्यातली शाळा दिसते. बाकं सगळी ओळीत आणि माणूस नाही." त्यांनी ते सहज म्हटलं आणि मी ते सहज ऐकलं. पुढे पोहे आले.

गेल्या वर्षी त्यांना स्ट्रोक आला. सकाळी चहा गाळताना. उजवा हात आणि पाय गेले, आणि त्याहून वाईट म्हणजे बोलणं गेलं. सगळं नाही... तेच तर चमत्कारिक. हॉस्पिटलमधल्या स्पीच थेरपिस्टने सुधीरला समजावलं, की काही माणसांच्या बोलण्यात नावं राहतात आणि क्रियापदं जातात. तसंच झालं होतं. मी भेटायला गेलो तर माझ्याकडे बघून स्वच्छ म्हणाल्या, "भावोजी." मग खिडकीकडे बघून "पाऊस." मग "चहा... साखर... भावोजी..." आणि थांबल्या. वाक्य आपल्याकडे क्रियापदाशी येऊन पोहोचतं. वहिनींचं वाक्य दर वेळी एक स्टेशन आधीच उतरायचं. आणि त्यांना ते कळायचं. डोळ्यांत दिसायचं. सगळं जग नावानिशी जागच्या जागी होतं, फक्त काही हलत नव्हतं. आयुष्यभर लोकांना क्रियापदं वाटणाऱ्या बाईकडे स्वतःसाठी एकही उरलं नाही. हे दहानं भागू नका.

घरी आणल्यावर त्या एकच घोकू लागल्या. "डबे... मारिसोल... डबे." दिवसभर. सुधीरने शास्त्रज्ञाच्या पद्धतीने विचार केला, की हिला तिच्या वस्तू हव्या आहेत, आजारी माणसाला आपलं सगळं आपल्याजवळ लागतं. मलाही ते पटलं, सगळ्यांनाच पटलं. त्याने वर्गाच्या ग्रुपवर संदेश टाकला, की उषाचे डबे कृपया परत आणावेत. आणि ती गुणी माणसं, एका शनिवारी दुपारी सगळीच्या सगळी आली. शिकवल्याप्रमाणे, एकही डबा रिकामा नाही. टेबलावर जागा उरली नाही. रामोनच्या एम्पनाडा, मारिसोलच्या मक्याच्या भाकऱ्या, वर्गातल्या माद्रिदच्या बाईचं बटाट्याचं ऑम्लेट केकसारखं कापलेलं. मी स्वतः दोन डबे घेऊन गेलो होतो, एकात आमच्या हिचे लाडू. वहिनींना व्हीलचेअरवरून बाहेर आणलं. आम्ही सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात.

त्यांनी त्या डब्यांकडे पाहिलं. एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "डबे... नाही. दार... मारिसोल... दार." आणि डाव्या हाताने समोरचा डबा ढकलला. तो पडला, झाकण गरगरत फ्रिजखाली गेलं आणि वहिनी रडू लागल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं. मारिसोल गुडघ्यांवर बसून भाकऱ्या गोळा करत होती आणि स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती. "ती दमली आहे," सुधीर हळूच म्हणाला. मंडळी उठली. सगळे रिकाम्या हाताने गेले.

पुढच्या गुरुवारी कोणी आलं नाही. येणार कशासाठी? प्रत्येकाचं देणं फिटलेलं. शिवाय सगळ्यांना वाटलं, आपल्याला बघून बाईंना त्रास होतो. सुधीरने डबे धुऊन फळीवर उंचीच्या क्रमाने लावून ठेवले. इतकी शिस्त त्या स्वयंपाकघराने कधी पाहिली नव्हती. वहिनी समोर बसून त्या फळीकडे बघायच्या आणि मग भिंतीकडे तोंड करायच्या. थेरपिस्टच्या चित्रांकडे ढुंकून पाहायच्या नाहीत. पळणारा माणूस, खाणारी बाई, झोपलेलं मूल... सगळ्याला पाठ. चालायला लागल्या, काठी घेऊन, पण बोलणं जिथल्या तिथे. सुधीर एके दिवशी मला खाली हॉकर सेंटरमध्ये, इथल्या खाऊगल्लीत, कोपी म्हणजे इथली कॉफी प्यायला घेऊन गेला आणि म्हणाला, "तिला कोरेगावला तिच्या भावाकडे ठेवावं म्हणतोय. इथे आता तिचं कोण आहे?" मी कपातला साखरेचा गाळ ढवळत बसलो. थेरपिस्टही म्हणाली होती, माणसांत नसेल तर उरलंय तेही जाईल. आणि इथे माणसं नव्हती, तिथेही भावाशिवाय कोणी ओळखीचं उरलं नव्हतं.

त्यानंतरच्या गुरुवारी मी नेहमीप्रमाणे गेलो. सुधीर आत मीटिंगवर. तन्वी टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसलेली. वहिनी मला बघून म्हणाल्या, "भावोजी. डबा." आणि फळीकडे काठी दाखवली. मी डबा काढून दिला, मंगळागौरीचा. त्यांनी झाकण उघडलं. "चकली." तन्वीने पाकिटातल्या विकतच्या चकल्या त्यात ओतल्या. वहिनींनी झाकण लावलं, डाव्या हाताने आणि हनुवटीने, आणि डबा माझ्या छातीला लावला. मी म्हटलं, "हो वहिनी, मस्त डबा आहे," आणि उठून फळीवर नेऊन ठेवला, उंचीच्या क्रमाने. त्यांनी टेबलावर काठी आपटली.

तन्वी घरातही सिंगापुरी इंग्रजीच बोलते; लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "काका, शी'ज नॉट अँग्री लाह. शी'ज टीचिंग."

मी डबा पुन्हा आणला. वहिनी उठल्या. काठी टेकत, एकेक पाऊल टाकत, दारापर्यंत. दार उघडलं, मला बाहेर पायपुसण्यावर उभं केलं, डबा हातात, आणि हात छातीपासून बाहेर ढकलून दार लावून घेतलं. मी कॉरिडॉरमध्ये अनवाणी, चकल्या घेऊन. समोरच्या घरातली आजीबाई कुंडीला पाणी घालता घालता थांबून माझ्याकडे बघू लागली. काय करणार? बेल वाजवली. बराच वेळ लागला. दार उघडलं तेव्हा वहिनींच्या चेहऱ्यावर घाम होता, आणि घामाखाली ती कोरेगावची भुवई. मी डबा पुढे केला. त्यांनी झाकण उचलून बघितलं. त्यांच्याच चकल्या. मान हलवली, नको. मग डावा हात बाहेरून हळूहळू छातीशी आणला. ओठ हलायला लागले. काही फुटेना. पुन्हा हात बाहेरून आत. आणि मग त्या म्हणाल्या,

"आण."

वहिनींनी मला कधी एकेरी हाक मारली नव्हती. भावोजी, आणा, भावोजी, बसा, भावोजी, दहानं भागा. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर अरेतुरे मी त्या पायपुसण्यावर ऐकली. सुधीर कानातला हेडफोन लोंबकळत असतानाच बाहेर आला. तन्वी दारात आली आणि म्हणाली, "मम्मा, परत म्हण." तिने ते मराठीत म्हटलं, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. वहिनींनी मागे वळून फळीवरच्या त्या ओळीकडे काठी फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "ने," म्हणाल्या. मग दाराकडे. "आण. ने... आण."

तेव्हा मला मे महिन्यातली शाळा आठवली. डबे परत मागवून आम्ही त्यांची शाळा सुटल्याची घंटा दिली होती. त्यांना डबे नको होते. डबे बाहेर हवे होते. मी सुधीरला ते सांगितलं. त्याने फोन काढून ग्रुपवर दुसरा संदेश टाकला, त्याच्या संशोधनाइतकाच रुक्ष: गुरुवारी डबे न्यायला यावे.

सगळे आले. रामोन तर आदल्या दिवशीच आला. म्हणाला, वार चुकला, पण तो माझ्याच जातीचा, मी ओळखलं. आणि मग काही महिने त्या घरात उलटा वर्ग भरला. पायपुसण्यावर विद्यार्थी उभे राहून एकेक कृती करायचे आणि वहिनींनी तिचं क्रियापद सांगायचं. मराठीत येवो, इंग्रजीत येवो, येईल ते. मारिसोल जमिनीवर बसून पीठ मळायची आणि विचारायची, "उशा, व्हॉट डू आय डू?" आणि वहिनी कपाळाला आठ्या घालून शोधायच्या... "मळ." एकदा "मेक" आलं तेव्हा रामोनने मला उचललं. माझं वजन बघता हे खोटं वाटेल, पण तन्वीकडे फोटो आहे. मी लोकांना सांगतो की दोनशे क्रियापदं परत आली. भागा आणि घ्या, वीस. पण वीस क्रियापदांत माणसाचं बरंच भागतं. ये, बस, खा, ने, आण, हस. कोरेगावचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

शेवटची भेट त्या जायच्या आधीच्या गुरुवारची. मी त्यांना ताजी बातमी देत होतो, की पाणमांजरं आता सर्कल लाइनने प्रवास करतात, काल बिशानला साठ चढली आणि सगळ्यांनी रांग लावली होती. वहिनी ऐकत होत्या. डोळे मिचकावले. म्हणाल्या, "दहा..." आणि अडकल्या. आम्ही कोणी मदत केली नाही, वर्गात मदत करायची नाही असा नियम होता.  "दहा... भाग." सगळं टेबल हसलं, आणि वहिनी सगळ्यांत जास्त. निघताना त्यांनी मंगळागौरीचा डबा माझ्या छातीला लावला. आत तन्वीने केलेला चिवडा, थोडा करपलेला. "ने," म्हणाल्या.

तोच डबा मी त्या सकाळी घासत होतो.

तेराव्याला सगळे आले, पांढऱ्या कपड्यांत, कोणीतरी त्यांना सांगितलं असावं. मारिसोलने मला दारात बाजूला घेतलं. फळी पूर्ण रिकामी होती, एकही डबा घरात नव्हता. ती म्हणाली, "भावोजी, टेल मी द ट्रुथ. शुड वुई ब्रिंग देम बॅक?" एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी सुधीरकडे पाहिलं. तो त्या रिकाम्या फळीसमोर पाठमोरा उभा होता. मी म्हटलं, आणायचे, पण एकदम नाही. एकेकाने. वेगवेगळ्या वारी. आणि रिकाम्या हाताने परत जायचं नाही.

त्याप्रमाणे चाललंय. माझा वार गुरुवारच. पहिल्या खेपेला मी शंकरपाळी केली, स्वतः, यूट्यूब बघून. सर्कल लाइनवर डबा मांडीवर घेऊन बसलो, बेल वाजवली, पायपुसण्यावर उभा राहिलो. सुधीरने दार उघडलं. दाढी वाढलेली. डबा उघडून एक शंकरपाळं तोंडात टाकलं, खूप वेळ चावलं आणि म्हणाला, "हे कशाचं केलंयस, सिमेंटचं?" त्याने ती ताटात ओतून घेतली आणि डबा घेऊन स्वयंपाकघरात गेला. मी बाहेरच उभा. कपाटं उघडल्याचा आवाज आला, बंद केल्याचा, पुन्हा उघडल्याचा. त्या घरात डबा भरायचं काम आजवर त्याच्याकडे कधी आलंच नव्हतं. शेवटी आला. आत काहीतरी खडखडत होतं. डबा माझ्या छातीला लावला, आणि दार ओढून घेता घेता म्हणाला, "गुरुवारी."

बिस्किटं होती. किती, ते सांगत नाही. ती संपली आहेत, आणि डबा आत्ता आमच्या ओट्यावर पालथा वाळतो आहे. उद्या गुरुवार. त्यात काय भरावं, एवढाच सध्या प्रश्न आहे.